इंगळेताईंचा कान

परवा आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलीने मला विचारलं, "मॅडम, झाकण लावून का चालवायचं मशीन? आतलं काही दिसतच नाही. माझ्या आधीच्या ठिकाणी सगळं उघडं ठेवूनच टेस्ट करायचे." उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की हे एका वाक्यात सांगता येणार नाही. तिला म्हटलं, "आधी शॉट मार, मग सांगते." नंतर सांगितलंही, पण घाईघाईत. इंगळेताई त्यात नीट आल्याच नाहीत. म्हणून हे लिहायला बसले.

आमचं वर्कशॉप ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. दवाखान्यांतली, सोनारांकडची, कारखान्यांतली लेझर मशिनं आमच्याकडे दुरुस्तीला येतात. मी तिथे लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. माहेर खडवलीचं. वडील कल्याणच्या मार्केटात भाजीचा टेंपो न्यायचे, आई शाळेत खिचडी शिजवायची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. कल्याणच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं आणि मग दोन-अडीच वर्षं भिवंडीच्या एका गोदामात खोकी मोजली. लेझरवर मी परीक्षेत आठ मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. प्रत्यक्ष लेझर मात्र कधी पाहिला नव्हता.

"आठातले किती मिळाले?" पहिल्या दिवशी इंगळेताईंनी विचारलं.

"साडेसहा."

"दीड कशाचा गेला?"

"क्यू-स्विचिंगची आकृती चुकली होती."

"मग तिथूनच सुरू करू," त्या म्हणाल्या.

शशिकला इंगळे हे त्यांचं नाव, पण पारेखशेठपासून खालच्या चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना ताई म्हणायचे. पारेखशेठ म्हणजे आमचे मालक. ताईंचं वय तेव्हा पंचावन्नच्या आसपास. सुती साडी, तिच्यावर गळ्यापर्यंत बटणं लावलेला निळा कोट, तेल लावून घट्ट घातलेली वेणी. समोरच्याशी बोलताना त्या मान डावीकडे कलती करून, जरा बाजूनेच बघायच्या. नवीन माणसाला वाटायचं, ही बाई आपल्याला तुच्छ लेखते. मलाही तेच वाटलं होतं. पहिला महिना मी त्यांच्यासमोर उभी राहिले की आधी स्वतःच्या चपलांकडे बघायची.

टेस्टिंग रूमच्या दाराबाहेर एक स्टीलचा डबा होता, घरात चिवडा ठेवतो तसला. आत जाणाऱ्याने घड्याळ, अंगठी, बांगड्या, साखळी, जे काही चकाकतं ते त्यात काढून ठेवायचं. आमच्या बऱ्याच मशिनांचा किरण डोळ्याला दिसत नाही. बांगडीवर आपटून तो कुठे गेला हेही कळत नाही. डोळ्यात गेला तरच कळतं. गॉगल तर घालायचाच, पण ताईंना नुसता गॉगल पुरेसा वाटायचा नाही. पारेखशेठ एकदा पुष्कराजाची अंगठी घालून आत निघाले, तेव्हा ताई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"ताई, ही गुरुजींनी दिलेली आहे. काढायची नाही असं सांगितलंय."

"मग गुरुजींना सांगा, आत मी आहे."

शेठ हसले आणि बाहेरच थांबले. अंगठी काढली नाही, पण आतही गेले नाहीत. ताईंना तेवढं पुरलं.

मी लागल्यानंतर सातव्या महिन्यात माझं लग्न झालं आणि मी ठाण्याजवळच्या दिव्याला राहायला गेले. आठ दिवसांनी कामावर आले ती दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून. सासूबाईंनी बजावून पाठवलं होतं, "सव्वा महिना चुड्याला हात लावायचा नाही. नोकरी असो नाहीतर काय असो." डब्यासमोर मी तशीच उभी राहिले. रडू यायच्या बेतात होतं. ताई बाहेर आल्या, माझे हात बघितले आणि म्हणाल्या, "आज पॅकिंगला बस. आत यायचं नाही."

मला वाटलं, सव्वा महिना खोकी बांधण्यात जाणार. भिवंडीच आली परत नशिबाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी पिशवीतून काळ्या जाड कापडाच्या दोन बाह्या काढल्या. दोन्ही टोकांना इलॅस्टिक. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत बसणाऱ्या.

"घाल. सासूबाईंना सांग, चुडा जागेवर आहे, फक्त झाकलाय."

ताईंचे वडील कोळसेवाडीच्या चाळीत शिवणकाम करायचे. त्यांचं मशीन अजून ताईंच्या घरी होतं. सासूबाईंना मी त्या बाह्या दाखवल्या, तेव्हा त्यांनी त्या उलटसुलट करून शिवण बघितली आणि म्हणाल्या, "बाईचा हात चांगलाय गं." त्या घरात माझ्या नोकरीबद्दल बोललं गेलेलं ते पहिलं चांगलं वाक्य.

माझी ती चुकलेली आकृती ताईंनी दुरुस्त केली ती अशी. वर्कशॉपच्या मोरीत त्यांनी एक बादली भरली आणि मला पाय पुढे करायला लावला. आधी तांब्याने संथ धार धरून सगळी बादली पायावर ओतली. मग बादली पुन्हा भरली आणि एकदम पालथी केली. मी ओरडलेच.

"पाणी किती होतं?"

"तेवढंच. एक बादली."

"मग ओरडलीस का?"

हीच सगळी गोष्ट आहे. आमच्या मशिनांत दिव्याच्या झोताने एक स्फटिकाची कांडी ऊर्जेने भरतात. साठलेला प्रकाश जसा तयार होईल तसा बाहेर येऊ दिला तर तो लांब पल्स. त्वचेला तो ऊब देतो, केसाचं मूळ हळूच जाळतो. पण कांडी आणि आरसा यांच्यामध्ये एक दरवाजा बसवून तो बंद धरला, सगळं आत साठू दिलं आणि मग झटक्यात उघडला, तर तीच ऊर्जा एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या हिशेबात बाहेर पडते. हा क्यू-स्विच. गोंदणाची शाई तो आतल्या आत फोडतो. दोन्ही मोड उपयोगाचे. मात्र लांब पल्सच्या जागी क्यू-स्विच पडला तर चेहऱ्यावर डाग राहू शकतो, आणि डोळ्यात गेला तर डोळाच जातो.

हे शिकल्यावर आमच्यात थट्टेला नवा विषय झाला. पारेखशेठ आठवडाभर गप्प राहायचे आणि शनिवारी एकदम फुटायचे. शनिवारी कुणी उशिरा आलं की ताई हळूच म्हणायच्या, "आज सांभाळून रे बाबा. शेठ क्यू-स्विचला आहेत."

एकदा एका प्रयोगशाळेचा मोड-लॉक लेझर, म्हणजे अनेक लहरींचा ताल जुळवून झटका देणारा, आमच्याकडे नुसत्या पॉवर सप्लायच्या कामाला आला होता. त्याचे पल्स इतके आखूड, की आमच्याकडे ते मोजायचं साधनच नव्हतं. रोहित म्हणून इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर आमच्याबरोबर आहे. त्याने लॅपटॉपवर आलेख काढून मला समजावायचा प्रयत्न केला आणि माझी आणखी गडबड केली. चहाच्या वेळेला ताईंनी सगळ्यांना उभं केलं, शेठनाही. "मी अंक मोजते. रोहित, तू दर दोनला टाळी वाजव. सुरेखा, तू तीनला. शेठ, तुम्ही चारला." आम्ही सुरू केलं. नुसता गोंगाट. आणि बाराला सगळ्यांचे हात एकदम पडले. असा आवाज झाला, की खालच्या पॅकेजिंगवाल्यांचा माणूस वर बघायला आला. चोविसाला पुन्हा.

"हा पल्स," ताई म्हणाल्या. "मधे सगळे एकमेकांना खोडतात. लेझीमसारखं आहे, प्रत्येकाचा पाय वेगळा, खणका एक."

शेठना ते इतकं आवडलं, की पुढे दोन दिवस येणाऱ्या गिऱ्हाइकांना ते टाळ्या वाजवायला लावत होते.

ताई मशीन तपासायच्या ते कानाने. काळ्या केलेल्या फोटोपेपरचे तुकडे किरणापुढे धरायचे, शॉट, म्हणजे किरणाचा एकेक झटका, मारायचा आणि पडलेला डाग बघायचा, ही तपासणीची जुनी रीत. आम्ही डाग बघायचो, ताई आवाज ऐकायच्या. लांब पल्स कागदावर पडला की "फप्" असा मऊ आवाज येतो, क्यू-स्विचचा "टक्!" असा कोरडा, नखाने पत्रा उडवल्यासारखा. मशिनाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून त्या उभ्या राहायच्या. "पॅनल काय म्हणतं ते मला सांगू नका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं वाक्य, "आधी काठी, मग हात." मशीन बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका भार राहतो. लाकडी काठीला तार बांधून तो आधी उतरवायचा. माझ्या नवऱ्याने एकदा घरचा बंद पडलेला मिक्सर उघडायला घेतला, तर मी पाठीमागून ओरडले, "आधी काठी!" सासूबाई लाटणं घेऊन धावत आल्या.

कलत्या मानेमागचं कारण मला दीड वर्षाने कळलं. ताई दर रविवारी त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहारात मुलींना गणित शिकवायच्या. एकदा त्यांनी मलाही बोलावलं, "विज्ञान तू घे. माझ्यापेक्षा तुझं वाचन ताजं आहे." शिकवणी झाल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो. मी अजून वापरत असलेल्या त्या काळ्या बाहीचं इलॅस्टिक सैल झालं होतं म्हणून त्या सुई ओवायला बसल्या. सुई डोळ्यांसमोर न धरता त्यांनी ती कानाच्या बाजूला धरली आणि मान वळवून ओवली.

"उजव्या डोळ्यात मधोमध भोक आहे," त्यांनी आपण होऊन सांगितलं. "कडेचं दिसतं. समोर धरलं की गायब. तू माझ्यासमोर उभी राहिलीस आणि मी डावा डोळा मिटला, तर तुला खांद्यावर डोकंच नसतं."

त्या पंचविशीत असताना दुसऱ्या एका कारखान्यात होत्या. तो आता राहिलेला नाही. एक मशीन तयार होऊन दुपारी जायचं होतं. झाकण बसवलेलं, स्क्रू आवळलेले. ताई शेवटची तपासणी करत होत्या. लांब पल्स, अगदी कमी ऊर्जा. गॉगलमधून डाग नीट दिसेना म्हणून त्यांनी तो क्षणभर कपाळावर चढवला. त्याच शॉटला "टक्" आवाज आला आणि किरण कुठल्यातरी धातूवरून परतून डोळ्यात गेला.

"गॉगल मी काढला. ती चूक माझी, आणि ती मी कुणावर ढकलत नाही. लांब पल्सनेही डोळा गेला असता कदाचित. पण त्यांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, ऑपरेटरने मोड चुकीचा निवडला. मी लांब पल्स निवडला होता सुरेखा. तो शॉट मी मागितलेला नव्हता."

"मग तुम्ही सही केलीत?"

"त्यांनी माझ्यासमोर झाकण काढून मशीन चालवून दाखवलं. शंभर शॉट, एकही चुकला नाही. काय बोलणार? केली सही."

त्यांनी दोरा दाताने तोडला आणि बाही माझ्या हातात दिली. "तेव्हापासून ऐकतेय," म्हणाल्या. "तसला शॉट पुन्हा कधी पडतो का ते."

त्या निवृत्त व्हायला सहा महिने राहिले होते तेव्हा घोडबंदर रोडच्या एका स्किन क्लिनिकचं मशीन आमच्याकडे आलं. दोन्ही मोडचं, महागडं. दिवा बदलायचा होता. दिवा बदलला आणि सगळं ठीक झालं. ऊर्जामापकावर आकडा स्थिर, पॅनलवर एकही तक्रार नाही. रोहितने रिपोर्ट तयार केला. शेवटची सही ताईंची.

ताईंनी भिंतीकडे तोंड करून साठ शॉट ऐकले आणि म्हणाल्या, "काहीतरी आहे."

"काय आहे ताई?"

"बावन्नावा जरा कोरडा होता."

रोहितने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. मला बावन्नावा इतरांसारखाच वाटला होता. कागदावरचा डाग तेवढा किंचित फिकट होता, इतकंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा दीडशे ऐकले. काही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा. काही नाही. सही मात्र केली नाही.

तिसऱ्या दिवशी शनिवार होता. डॉक्टरांचा शेठना दोनदा फोन येऊन गेला होता. लग्नसराईचे दिवस, क्लिनिकमध्ये पेशंट खोळंबले होते. त्यांच्या सगळ्या शाखांची मशिनं आमच्याकडे यायची, आणि ते म्हणाले होते, आज मिळालं नाही तर पुढचं सगळं काम दुसरीकडे. शेठ टेस्टिंग रूमच्या दाराशी येऊन उभे राहिले. अंगठीमुळे बाहेरच.

"ताई, ऊर्जा बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"पॅनल बरोबर आहे?"

"आहे."

"मग अडलंय कशात?"

"तो मापक दहा शॉटची सरासरी दाखवतो शेठ. दहांत एक वेगळा पडला तर आकडा जरासा हलतो, आणि आपण म्हणतो चालायचंच. तिथे टेबलावर कुणाचीतरी पोरगी झोपलेली असणार. तिला सरासरी लागत नाही. तिला एकेक शॉट लागतो."

शेठचा आवाज चढला. "ताई, राग मानू नका. पण रोहितला ऐकू येत नाही, सुरेखाला ऐकू येत नाही. डोळ्याचं तर आपल्याला माहीतच आहे. आता कानाचंही वय होतं माणसाच्या."

रोहित लॅपटॉपमध्ये बघू लागला. ताईंची मान नेहमीसारखी कलती होती, त्यामुळे त्या शेठकडे बघतात की माझ्याकडे, ते कळेना.

"किती वाजता गाडी येणार आहे?"

"पाचला. पाचपर्यंत तुमची सही नसेल तर रोहित करेल. मग सोमवारपासून सह्या त्यानेच करायच्या."

"बरं," ताई म्हणाल्या. "आता एक वाजलाय."

शेठ गेले. ताई मशिनासमोर स्टूल घेऊन बसल्या. हात मांडीवर. जेवणाचा डबाही उघडला नाही. रोहित हळूच म्हणाला, "ताई, टेन्शन नका घेऊ ना. सगळं चेक झालंय यार, मी तीनदा बघितलंय." बराच वेळ ताई मशिनाकडे बघत राहिल्या. मशीन उघडं होतं. आमच्याकडे सगळीच मशिनं तपासताना उघडी असायची. झाकण भिंतीला टेकवून ठेवायचं, म्हणजे आत हात घालायला बरं, आणि गरम होऊ नये म्हणून वरून टेबलफॅन. कुणी तसं शिकवलं नव्हतं, पण पुढे मी बघितलेल्या दुसऱ्या वर्कशॉपांतही हीच पद्धत होती.

ताई उठल्या. फॅन बंद केला.

"सुरेखा, ते झाकण आण."

"कशाला?"

"क्लिनिकमध्ये हे मशीन उघडं चालतं का?"

झाकण बसवलं, आठही स्क्रू आवळले. मोड लांब पल्स, ऊर्जा कमी. कागद मी सरकवायचे, प्रत्येकाच्या मागे आकडा लिहायचा. पायाखालचं बटण ताई स्वतः दाबणार. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या नाहीत. गॉगल दोनदा चाचपून मशिनाच्या समोर बसल्या.

फप्. फप्. फप्.

शंभर झाले. रोहित मोबाइल बघत होता. दीडशे झाले. झाकणावर हात ठेवला तर ते चांगलंच तापलं होतं. दोनशे. माझ्या बोटांना कागदाच्या काजळीचा वास येत होता. मनात एकच विचार चालला होता, की पाच वाजतील, काही सापडणार नाही आणि ताई निमूट पिशवी उचलून जातील. तसं झालं तर मी काय करायचं, तेही मला कळत नव्हतं.

दोनशे अकरा. फप्. दोनशे बारा. फप्. दोनशे तेरा.

टक्!

माझा हात कागदासकट मागे आला. तो आवाज आपल्याला ऐकू आला की नाही, हा प्रश्नच नव्हता. रोहितचा मोबाइल खाली पडला. ताईंनी बटणावरून पाय काढला आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी कागद दिला. बाकीचे डाग तपकिरी, कडा करपलेले. यावर मधोमध लख्ख पांढरा ठिपका, काळा थर नखाने खरवडून काढावा तसा.

"कोणता मोड लावलाय?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी खाली.

"लांब पल्स," मी म्हटलं. "पॅनलवर लांब पल्सच आहे ताई."

"रोहित, तू बघ. तू वाच."

रोहितने वाकून वाचलं. "लाँग पल्स."

पुढच्या दोनशेत तसे आणखी दोन पडले. मग मशीन बंद करून, आधी काठी मग हात, रोहितने झाकण काढलं आणि तासाभरात कारण शोधून काढलं. हे श्रेय त्याचं. मोड बदलणारा एक छोटा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, तापला की अडकायचा. पॅनलवर लांब पल्स दिसायचा, आणि आत दरवाजा मात्र मधूनच बंद होऊन झटक्यात उघडायचा. झाकण काढलं, वारा लागला, की रिले शहाणा. क्लिनिकमध्ये रिले तापायचा, आणि आम्ही इथे त्याला वारा घालून तपासत होतो.

साडेचारला शेठ आले. दारात थांबले, बोटातली अंगठी ओढून काढली, डब्यात टाकली आणि आत आले. ताईंनी त्यांच्या हातात तो कागद दिला. शेठनी तो पुढून-मागून पाहिला.

"ताई, हे आधी सांगायचं ना."

"तीन दिवस सांगतेय शेठ."

शेठनी तिथेच उभं राहून डॉक्टरांना फोन लावला. "साहेब, मशीन आज मिळणार नाही. नाही, तुम्ही ऐकून घ्या... नेणार असाल तर बाकीची खुशाल न्या, पण हे मी देणार नाही. पेशंटला दुखलं असतं." पलीकडून बरंच काही बोललं जात होतं. शेठ ऐकत राहिले. तो शनिवार होता, पण ते फुटले नाहीत.

ताई टेबलाशी बसून रिपोर्ट भरत होत्या. मी काजळीचे हात पुसत मागे उभी होते, म्हणून मला वाचता आलं. शेरा लिहायच्या रकान्यात त्यांनी सावकाश, अक्षर लावून लिहिलं, "लांब पल्स निवडलेला असताना क्यू-स्विचचा शॉट आला. कारण रिले. ऑपरेटरची चूक नाही."

शेवटच्या वाक्याची त्या रकान्यात काही गरज नव्हती. ऑपरेटरबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. ताईंनी ते वाक्य एकदा बोट ठेवून वाचलं आणि खाली सही केली. मग जेवणाचा डबा उघडला. भाकरी गार झाली होती. अर्धी मोडून त्यांनी माझ्या हातात दिली, अर्धी रोहितच्या.

"मला नको ताई, तुम्ही खा ना," रोहित म्हणाला. त्याला वर बघवत नव्हतं.

"खा रे. तुझं रीडिंग चुकलं नव्हतं. आपलं झाकण चुकलं."

सोमवारी आमच्या तपासणीच्या तक्त्यावर एक ओळ वाढली. शेवटचे तीनशे शॉट, झाकण लावून, फॅन बंद ठेवून.

सहा महिन्यांनी ताईंचा शेवटचा दिवस आला. शेठनी ढोकळा मागवला होता, शाल आणली होती. बोलायला उठले आणि दोन वाक्यांतच बसले. ताईंनी भाषण केलं नाही. पिशवी भरली, डब्यातून आपलं चावीचं घड्याळ काढून हातात बांधलं. मी त्यांना खालपर्यंत पोचवायला निघाले तर म्हणाल्या, "कुठे निघालीस? आत टेबलावर मशीन आहे ना? उद्या जायचंय ते. तुझं काम कर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी ते कडेच्या नजरेने पाहिलं असणार. "गॉगलच्या आत रडू नकोस," म्हणाल्या. "काच धुरकटते, मग काढावासा वाटतो."

मी अंगठी आणि मंगळसूत्र डब्यात ठेवलं, आत गेले, दारावरचा लाल दिवा लावला. झाकण बसवलेलंच होतं. कागद अडकवला, बटणावर पाय ठेवला. फप्. फप्. आमच्या त्या दाराला एक छोटी हिरवी काच आहे, किरण अडवणारी. विसाव्या शॉटच्या सुमाराला माझं तिकडे लक्ष गेलं. मला वाटलं होतं, ताई एव्हाना खाली पोचल्या असतील.

त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या होत्या. माझ्याकडे पाठ, तोंड समोरच्या भिंतीकडे. खांद्याला पिशवी, मान डावीकडे कलती. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक करत सरकत होता. फप्, एक पेर. फप्, दुसरं पेर. मी थांबले नाही. एकसारखी लय धरून शॉट मारत राहिले. आयुष्यात कुठल्याच परीक्षेला मी इतकी नीट बसले नसेन.

तीनशेवा शॉट पडला तेव्हा त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी एकदा मान हलवली, पदर कमरेला खोचला, आणि मागे न बघता जिना उतरून गेल्या.